तीन पांढरे

चिंचोका मधोमध फोडला की त्याच्या दोन फाकी होतात. एका अंगाने पांढरी, सपाट. दुसऱ्या अंगाने तपकिरी, फुगीर. अशा चार फाकी फखरूशेठच्या कारखान्यात खिळ्याला टांगलेल्या चिंधीत बांधून ठेवलेल्या असायच्या. कांडीखात्यातल्या चार बायांपैकी आज लवकर घरी कोण जाणार, ते रोज सकाळी त्या फाकी ठरवायच्या.

कांडीखाता म्हणजे लूमच्या शेडला चिकटलेली एक बारकी खोली. पलीकडे लूम धडधडायचे, इकडे या चौघी मशिनीवर कांड्या भरायच्या. पुठ्ठ्याच्या कोनवरचं सूत कांडीवर उतरवायचं. ती कांडी मग धोट्यात बसते आणि धोटा लूममध्ये इकडून तिकडे पळतो, की झालं कापड. चार मशिनी, चार बाया, रोज चार पोती सूत. आपलं पोतं संपलं की आपली ड्युटी संपली.

गोम एवढीच, की चारातलं एकच पोतं नव्या मालाचं असायचं. मऊ, सरळ, तुटायचं नाव नाय. बाकीची तीन गोडाऊनमध्ये ओल खाल्लेल्या जुन्या मालाची. ते सूत बघितलं तरी तुटायचं. गाठ मारा, मशीन चालवा, परत तुटलं, परत गाठ. नव्या पोत्यावाली दुपारी नळावर हात धुऊन चालू पडायची. जुन्या पोत्यावाल्या दिवे लागेपर्यंत गाठी मारत बसायच्या.

पूर्वी बारी लावली होती. आज तू, उद्या मी. पण एक आजारी पडली, दुसरी लग्नाला गेली, माझी बारी राहिली, तुझी दोनदा झाली, असं करत एकदा झिंज्या धरण्यापर्यंत गेलं. मग आक्काने चिंचोके आणले. आक्का सगळ्यांत जुनी. बोलायची कमी, पण बोलली की विषय संपला. तिने प्रत्येकीला एक आकडा दिला. चार फाकी मुठीत हलवून पत्र्यावर टाकायच्या आणि पांढरे किती वर आले ते बघायचं. जिचा आकडा, तिचं नवं पोतं. चारही तपकिरी पाठी वर आल्या तर परत टाकायचं. आणि आलेलं पोतं दुसरीला द्यायचं नाही. कारण दिलं की उपकार आले, आणि उपकार आले की परत झिंज्या.

आक्काचा आकडा चार. धोंडूबाईचा तीन. इशरतचा दोन. एक होता गोदूबाईचा. ती खारबावला लेकीकडे राहायला गेली, आणि तिच्या जागी कमळ आली तेव्हा मशीनही तिला गोदूबाईचं मिळालं आणि आकडाही.

कमळ वळ गावची. पोर झालं तेव्हा माहेरी होती आणि तीन महिन्यांत कामाला लागली. नवरा पडघ्याला ट्रकवर, चार चार दिवस घरी नाही. पोर सासूजवळ. एकदा कमळने पोरीला सोबत आणलं होतं, पण खोलीत कापसाचं तूस असं उडायचं, की तासाभरात पोर खोकून खोकून निळी पडली. परत आणली नाही.

इशरत तिच्या बाजूच्या मशिनीवर. सतरा वर्षांची, डोळ्याने तेज आणि डोक्याने त्याहून गरम. नववीत असताना बाईंनी डस्टर फेकून मारला तो हिने परत फेकून मारला, आणि त्या दिवसापासून शाळेचं आणि तिचं काही राहिलं नाही. तिला कुणी सांगायला नको होतं. तिला दिसायचं. दुपार झाली की कमळ गुपचूप उठायची, मोरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि आली की पदर छातीवर ओढून धरायची. पदर ओला असायचा.

"काय करतेस आत?" इशरतने एकदा विचारलंच.

"काय न्हाय गो."

"माझ्या सालेहा आपाला तीन पोरं आहेत. मला कळत नाय काय? दूध टाकतेस ना?"

कमळने कोन बदलला, सूत जोडलं, आणि मग मशिनीकडे बघतच बोलली, "ठेवलं तं दुखतं. तिकडं सासू कापसाचा बोळा बकरीच्या दुधात भिजवून देते. आता रातच्याला मी घेतली तं पोर तोंड फिरवते. चोखत न्हाय." तिने नाक पुसलं. "सासू बोलते, असंच ऱ्हायलं तं दूध आटल. मंग बस रडत."

"मग दुपारी जात जा."

"कशी जाऊ? तीन आठवडं झालं, एक पन नवा पोता आला मना?"

खरंच नव्हता आला. इशरतने मनात मागचे दिवस आठवून बघितले. एक पांढरा असा पडलाच नव्हता.

*

त्या दुपारी लाइट गेली. लूम गप झाले आणि कान एकदम मोकळे झाले. आक्का आडवी झाली, धोंडूबाई दारात मिश्री लावत बसली. इशरतने लूमच्या बीमवर खुणा करायचा खडू उचलला आणि भिंतीवर रेघा मारायला लागली.

"कमळे, इकडे बघ. समज आपण चौघी ओळीत उभ्या आहोत. तोंड इकडे केलं तर पांढरा, पाठ केली तर पाठ. आता एकच पांढरा म्हणजे काय? आपल्यातली एकच तोंड करून उभी. ती तू असशील, मी असेन, मावशी असेल, नायतर आक्का. म्हणजे चार तऱ्हा. बरोबर?"

"हां."

"आता दोन तोंड, दोन पाठ. तू नि मी. तू नि मावशी. तू नि आक्का. मी नि मावशी. मी नि आक्का. मावशी नि आक्का. किती झाल्या?"

कमळने बोटांवर मोजलं. "सहा."

"सहा! तीन पांढऱ्यांच्या परत चारच, कारण एकच जण पाठ करणार. आणि चारी पांढऱ्यांची एक, चारी पाठींची एक. सगळ्या मिळून सोळा. सोळा पोत्यांत सहा पोती दोनवालीची. समजलं? सगळ्यात तगडा आकडा माझा आहे, आणि मला आजपर्यंत माहीतच नव्हतं."

दारातून धोंडूबाई खदखदून हसली. "आयला, इसरत मास्तरीन झाली! मंग सोला पोत्यात माजी किती?"

"चार."

"चार? अगो बाय, मी आठवड्याला तीन नेते! इचार आक्काला."

"ते नशीब, मावशी. हे गणित."

"आं, मंग तुजा गनित ठेव तुज्याजवल. माजं नशीबच बरं." धोंडूबाईने बोटावरची मिश्री झटकली. "तीन पोरं झाली मना, तीन पांढरं माजं. आईची किरपा हाय ती. घरात सुना मना विचारत न्हाय, पोरं विचारत न्हाय, पन हितं आई विचारते. काय आक्का?"

आक्का डोळे मिटून पडली होती. "लाइट येल तवा उठवा," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इशरतने जाहीर केलं, की तिचा दोन आता कमळचा आणि कमळचा एक तिचा. आकडे बदलायला कुणाची ना नव्हती, दोघी राजी असल्या की झालं. कमळ नको नको करत होती, पण इशरतने ऐकलं नाही. "मला घरी जाऊन काय करायचंय? अम्मी भांडी घासायला लावणार. तू जा तुझ्या पोरीकडे." आणि कानाशी लागून, "आठवड्यातून दोनदा तर नक्कीच जाशील. कधी तीनदा पण. आठवड्याला दोनदा पाजलीस तरी पोर विसरणार नाय."

कमळने त्या दिवशी घरी जाऊन सासूला सांगितलं, आता बकरीचं दूध कमी करा.

*

पहिल्या आठवड्यात कमळला नवं पोतं एकदा मिळालं. त्या दिवशी ती इतक्या घाईत निघाली, की चप्पल उलटी घालून गेली. दुसऱ्या दिवशी आली तर चेहरा फुललेला. पोरीने आधी तोंड फिरवलं, मग रडली, मग घेतलं, आणि पिता पिताच झोपली.

बाकीचे दिवस धोंडूबाईचे आणि आक्काचे.

दुसऱ्या आठवड्यात कमळला एकदाही नाही. सकाळी चिंधी सुटायची, आक्काच्या मुठीत फाकी खुळखुळायच्या, पत्र्यावर पडायच्या, आणि धोंडूबाई टाळी द्यायची. "तीन! ये गो माज्या आई!" नायतर चार, आणि आक्का पोतं ओढून घ्यायची. कमळ रोज वाकून बघायची. रोज सरळ व्हायची. पदर दुपारी ओला व्हायचा.

इशरतचं डोकं तापायला लागलं. सोळात एक, असा आक्काचा आकडा. आणि आक्का आठवड्यात दोनदा नेते? हे कसलं नशीब? गणितात तर तिला चूक सापडत नव्हती. भिंतीवरच्या रेघा तिने तीनदा मोजल्या होत्या. मग चूक दुसरीकडे असणार. आणि फाकी टाकतं कोण? रोज, न चुकता, आक्का.

गुरुवारी सकाळी कमळ आली तीच रडून आल्यासारखी. पोर आता घेतच नाही, बोलली. सासू बोलली, की एक काय ते ठरव, काम कर नायतर पोर पाज. कमळने ठरवलं होतं. शनिवारी येईन, शेठला सांगेन, आणि मग नाय येणार. नवऱ्याला काय सांगणार ते अजून ठरलं नव्हतं.

आक्काने फाकी टाकल्या. तीन पांढरे.

"ये गो माज्या..." धोंडूबाईने हात वर केले.

"बस झालं!" इशरत ओरडली. लूमच्या आवाजातही ते शेडपर्यंत गेलं असेल. "बस झालं हे नाटक! रोज तीन, रोज चार! तुम्ही दोघी मिळून करता हे. आक्का, तुझ्या हातात आहे सगळं, तू पाहिजे तसे पाडतेस. तिची पोर तिकडे बकरीचं दूध पिते आणि तुम्ही दोघी चोरटेपणा करून..."

पुढचं ती बोलली नाही, कारण धोंडूबाई तिच्या अंगावर आली होती. "कोन चोर? मना बोलतं? अगो, तुज्या आयेच्या वयाची मी! आक्काला बोलतं? ज्या आक्काने तुना काम शिकिवलं?"

"मग सांग ना, सोळात चार असताना..."

"तुज्या सोलाला लागली आग!"

आक्का उठली. वाकून चारही फाकी उचलल्या. इशरतचा हात धरला, पालथा होता तो उलटा केला, फाकी तळव्यावर ठेवल्या आणि बोटं मिटवली.

"टाक," ती बोलली.

"मी?"

"तूच टाक. आता तुज्या हातात हाय."

इशरतने मूठ हलवली, खूप हलवली, आणि टाकल्या. तीन पांढरे. परत टाकल्या. चार पांढरे. परत. तीन. चौथ्यांदा दोन पडले, पाचव्यांदा परत तीन.

धोंडूबाईने नवं पोतं उचललं आणि मशिनीशी नेऊन आपटलं. आक्का आपल्या जागी गेली. "घेऊन जा घरी," जाता जाता बोलली. "उद्या सुट्टी. बस टाकत."

*

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. अख्ख्या गावाचा आवाज उतरतो. इशरत गच्चीवर सावलीत ताट उपडं घालून बसली आणि टाकत राहिली. आधी चारही एकदम. मग डोकं चालवून एकेक. एकच फाक घ्यायची आणि टाकायची. पांढरा. पांढरा. पाठ. पांढरा.

थोड्या वेळाने ती टाकायची थांबली आणि फाक डोळ्यांजवळ धरून बघायला लागली. पाठ चांगली फुगीर, वर्षानुवर्षं आक्काच्या मुठीत घासून गुळगुळीत झालेली. ताटावर पडली की पाठीवर डोलायची, जशी बोट डोलते, आणि डोलत डोलत पांढरं तोंड वर करून बसायची. पालथी पडायची ती क्वचित. चारात एकदा. चारात तीनदा पांढरीच.

तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. भिंतीवर काढलेल्या सोळा तऱ्हा सगळ्या खऱ्या होत्या. फक्त त्या सगळ्या सारख्या नव्हत्या. चौघी ओळीत उभ्या केल्या, पण या चौघी पाठ करायलाच तयार नव्हत्या! एक फाक चारात तीनदा पांढरी, तर चार फाकी एकदम टाकल्यावर सरासरी किती पांढऱ्या? तीन. दर फेकीला तीन. सगळ्यात जास्त वेळा तीनच पडणार, मग चार, मग कुठे दोन. आणि एक तर जवळजवळ नाहीच. आक्काने कसलाही हात मारला नव्हता. धोंडूमावशीवर कसलीही किरपा नव्हती. आणि तिने स्वतः कमळला जे दिलं होतं, ते तिसऱ्या नंबरचं होतं. त्याच्या भरवशावर कमळने बकरीचं दूध कमी केलं होतं.

गच्चीच्या कोपऱ्यात अम्मीचा मसाला वाटायचा पाटा होता. इशरतची नजर गेली त्यावर.

पाठ थोडी घासली तर? फुगीर आहे ती सपाट केली तर दोन्ही अंगं सारखी. मग सोळा तऱ्हा खऱ्या, मग दोनचा आकडा तगडा, आणि कमळ आठवड्यातून दोनदा घरी. कुणाला सांगायची गरज नाही. मावशी काय, घरी लवकर जाऊन तरी काय करते? गेटवर वॉचमनशी गप्पा मारत बसते संध्याकाळपर्यंत.

तिने एक फाक पाट्यावर धरली आणि घासली. थांबली. काल तिनेच दोघींना चोर म्हटलं होतं. मग तिला कमळचा ओला पदर आठवला, आणि तिने दुसरी पण घासली. चारही घासल्या तर कळेल, म्हणून दोनवरच थांबली. वर तपकिरी दिसावं म्हणून त्या दोन्ही चहाच्या चोथ्यात बुडवून ठेवल्या.

*

शनिवारी आक्काने चिंधी सोडली, फाकी मुठीत घेतल्या आणि हलवल्याच नाहीत. अंगठ्याने एकेक चाचपली. मग मूठ उघडली.

"ह्या दोन घासल्यात," ती बोलली.

इशरतला वाटलं होतं, की विचारलं तर नाही म्हणू. पण आक्काने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच तिला सोसलं नाही.

"मी घासल्या."

धोंडूबाई पुढे आली. "तुना? गुरवारी मना चोर बोललीस, आन शनवारी तूच चोरी केलीस?"

"हो. आणि गुरुवारी मी चुकले. आक्का, माफ कर. मावशी, तू पण. पण ऐकून घ्या." आणि तिने सांगितलं. पाठ कशी फुगीर, फाक कशी डोलते, चारात तीनदा पांढरी कशी. एकेक फाक पत्र्यावर टाकून दाखवली. "म्हणून तीन एवढं पडतं. ते मावशीचं नशीब नाय. त्या जागी कुणीही असतं तरी पडलं असतं."

"आन किरपा?" धोंडूबाईने विचारलं.

इशरतला तिचं तोंड बघून वाटलं, की हे बोलायला नको होतं. मावशीचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"म्हंजे माजा काय न्हवता त्याच्यात? चिंचोक्याची पाठच तशी?"

"मावशी..."

"आन ह्या घासल्यास कशाला?"

"कमळीसाठी. ती आज शेठला सांगून काम सोडणार आहे. तिची पोर दूध घेत नाय. दुपारी पाजायला मिळालं असतं तर घेतलं असतं. मी तिला दोनचा आकडा दिला आणि सांगितलं आठवड्यातून दोनदा जाशील, आणि ती मला खरं मानून बसली."

"मी बोलले होते का घासायला?" कमळ रडत रडतच भडकली. "मना कशाला मधी घालतंस? आता सगले बोलतील कमलीच्या पायी चोरी झाली!"

"कोन न्हाय बोलत," आक्का बोलली.

"मग नाणी टाकू या," इशरत घाईघाईने बोलली. "चार नाणी. नाण्याला पाठ नसते, दोन्ही बाजू सारख्या..."

"नाणी दिसली तं फखरूशेठ चौघींना भाईर काढल. नाणं उडवलं का त्याला तो जुगार बोलतो, आन जुगार त्याच्या छपराखाली चालत न्हाय." आक्काने आपल्या पिशवीतून एक पुडी काढली. तिच्यात जादाच्या फाकी होत्या. घासलेल्या दोन खिडकीबाहेर टाकून तिने नव्या दोन घेतल्या. "चिंचोकंच टाकायचं. आकड्याचं काय ते तुम्ही बघा."

सगळ्या धोंडूबाईकडे बघायला लागल्या. धोंडूबाईने तोंड शेडकडे फिरवलं. लूम चालू होते. ती धोटे इकडून तिकडे पळताना बघत राहिली.

"पोरगी कवड्याशी झाली?" तिने विचारलं, न वळता.

"पाच म्हयन्याची होल," कमळ बोलली.

"माजा मधला पोरगा असाच करायचा. तोंड फिरवायचा. मी तवा मिठागरात जायची." ती वळली. "घे तीन. मना तुजा दोन दे. आता तसा पन त्याच्यात माजा काय ऱ्हायला न्हाय."

"मावशी, नको..."

"घे बोलते ना. इसरत, आता हिचं किती झालं? तुज्या गनितात?"

"आठवड्यातून दोनदा-तीनदा," इशरत बोलली. या वेळी तिला खात्री होती. तिने शुक्रवारचा अख्खा दिवस टाकून बघितलं होतं. "आणि तुझं एकदा, मावशी. एखाद्या आठवड्यात तेही नाय."

"बरं. टाक गो आक्का."

आक्काने मूठ हलवली. कमळ खाली वाकली. फाकी पत्र्यावर पडल्या, डोलल्या, आणि स्थिर झाल्या.

दोन पांढरे, दोन पाठी.

धोंडूबाईलाच आधी हसू फुटलं. "आयला! बघ! बघ इसरत, तुजा गनित! आई न्हाय सोडत मना!" पण हसता हसता तिने कमळकडे बघितलं आणि गप झाली. कमळ सरळ उभी राहिली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"होतं असं," इशरत तिला बोलली. तिला स्वतःचेच शब्द पोकळ वाटत होते. "एका फेकीत काही कळत नाय. महिनाभर टाकत राहिलं की बघ, तीनच जास्त येणार. पुढच्या आठवड्यात..."

"म्हयना?" धोंडूबाई बोलली. "पोरीला भूक म्हयन्याने लागते?"



धोंडूबाईने नवं पोतं धरलं आणि फरशीवरून ओढत नेलं. आपल्या मशिनीशी नाही, कमळच्या मशिनीशी. तिथलं ओल खाल्लेलं पोतं उचलून आपल्याकडे आणलं आणि धपकन टाकलं.

"आक्का, आपला नेम..." कमळ कशीबशी बोलली.

आक्का तिच्या मशिनीवर बसली होती. पाठ या सगळ्यांकडे. "मना काय दिसला न्हाय," ती बोलली. "मी सूत जोडते. सुईत बघू का तुमच्याकडं बघू?"

तिच्या मशिनीत सुई नव्हतीच.

कमळने त्या दिवशी मान वर न करता कांड्या भरल्या. तिचे हात असे चालले होते, की इशरतने आपलं तुटलेलं सूत हातात धरून नुसतं बघत राहावं. दुपारची अजान झाली तेव्हा तिचं पोतं रिकामं होतं. ती उठली, पदर झटकला, केसांतलं तूस काढलं. मोरीकडे गेली नाही. शेठच्या केबिनकडेही गेली नाही. दारात थांबून धोंडूबाईला काही तरी बोलणार होती.

"जा ना गो!" धोंडूबाई खेकसली. "हितं उभी ऱ्हाऊन टाकनार हायस का दूध?"

कमळ पळाली.

थोड्या वेळाने इशरत आपला स्टूल सरकवत धोंडूबाईच्या बाजूला आली आणि तिच्या कोनचं तुटलेलं टोक शोधायला लागली.

"तुजा पोता कोन भरल?" धोंडूबाईने विचारलं.

"आधी तुझं. मग माझं. अम्मीला सांगितलंय उशीर होणार म्हणून."

"सांगितलंय? सकालीच? म्हंजे तुना म्हाईत होतं आज तुजा एक न्हाय येनार?"

"एक कधी येतो मावशी?"

धोंडूबाई हसली, आणि तिच्या हातातलं सूत परत तुटलं. "धर," ती बोलली. "गाठ मार. आन बारकी मार गो, जाड गाठ धोट्यात अडकते, मंग पलीकडून शिव्या येतात."